हीलरचा दंड आणि आठाचा पाढा

या सदरात आजवर आपण पतपेढीचे व्याज, विम्याचा हप्ता, शिष्यवृत्तीचा फॉर्म, लग्नातला अवास्तव खर्च अशा गोष्टींचा हिशेब मांडला. आजचा हिशेब जरा निराळा आहे. तो कॉम्प्युटरवरच्या खेळातला आहे. काही ज्येष्ठ वाचक म्हणतील, या गृहस्थाला आता हे काय वेड लागले! त्यांनी थोडा धीर धरावा. प्रश्न १,८०० रुपयांचा आहे आणि ते रुपये एका आईच्या पगारातून जाणार होते.

गिरगावात खोताच्या वाडीच्या पाठीमागे एका चाळीत आम्ही काही कार्यकर्ते संध्याकाळी मुलांची अभ्यासिका चालवतो. तेथे येणाऱ्या अकरावीतल्या एका मुलाची आई मला भेटायला आली. ही भगिनी दोन ऑफिसांत साफसफाईचे काम करते. म्हणाली, "भाऊ, ह्याला खेळात काठी घ्यायचीये म्हणे. अठराशे रुपयांची! बरं, काठी हातात पण येणार नाय. नुसती दिसणार. नाय घेतली तर पोरं ह्याला खेळात घेत नायत, म्हणून दोन दिवस जेवला नाय धड. आता तुम्हीच सांगा, देऊ का नको?"

अशा वेळी आपल्याकडे दोन प्रकारची उत्तरे तयार असतात. एक, फोन काढून घ्या आणि दोन रट्टे द्या. दुसरे, पोरगा रुसलाय, द्या एकदाचे पैसे. मला दोन्ही पटत नाहीत. आपल्या मुलाने क्रिकेटची बॅट मागितली तर बाप निदान ती उचलून, तोलून पाहतो. मग ही काठीसुद्धा तोलून पाहायला काय हरकत आहे? मी मुलाला वही घेऊन बोलावले.

ज्यांना हे खेळ ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हे भूमिकेचे खेळ. प्रत्येक खेळाडू एक सोंग घेतो. कोणी तलवारवाला, कोणी तिरंदाज, कोणी जादूगार, तर कोणी जखमा भरून काढणारा, ज्याला मुले हीलर म्हणतात. चार-पाच जणांचा गट इंटरनेटवरून एकत्र येतो आणि राक्षसांशी लढतो. तलवारवाला पुढे राहून मार खातो, बाकीचे मारतात आणि हीलर मागे उभा राहून सगळ्यांना जिवंत ठेवतो. जिंकल्यावर टाळ्या तलवारवाल्याला. हरल्यावर मात्र सगळे हीलरकडे वळून पाहतात. हा मुलगा हीलर आहे.

खेळाचे नाव रॅग्नारॉक. कोरियातल्या ग्रॅव्हिटी या कंपनीने तो २००२ साली बाजारात आणला. ली म्युंग-जिन या चित्रकाराच्या चित्रकथेवरून तो बेतला आहे. त्या दशकात लेव्हल अप या कंपनीने तो आपल्या देशातही चालवला होता, पुढे ती सेवा बंद पडली. तेव्हा आम्ही विशीत होतो. गिरगावातल्या सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून मुले हा खेळ खेळत आणि मी बी. कॉम. झालेला, नोकरीच्या शोधातला माणूस, अर्ज टाइप करायला जाऊन त्यांच्या खांद्यावरून पाहत बसे. खोताच्या वाडीतल्या लाकडी जिन्यांच्या घरांतली ख्रिस्ती मुले, चाळीतली आपली मुले, गुजराती दुकानदारांची मुले, सगळी एका गटात. त्या खोलीत कोणी कोणाचे आडनाव विचारत नसे, कुठली लेव्हल एवढेच विचारी. असो. खेळाचे नियम पुढे बदलले. या मुलाचा गट मात्र जुन्याच नियमांनी खेळतो, म्हणून खालचे सगळे आकडे जुन्या नियमांचे आहेत.

आता वही उघडू या.

प्रत्येक खेळाडूला सहा गुण असतात. स्ट्रेंथ म्हणजे ताकद, अजिलिटी म्हणजे चपळाई, व्हायटॅलिटी म्हणजे जीवट, इंटेलिजन्स म्हणजे बुद्धी, डेक्स्टेरिटी म्हणजे हाताची सफाई आणि लक म्हणजे नशीब. मुले स्टर, अजी, व्हिट, इंट, डेक्स, लक असे म्हणतात, आपणही तसेच म्हणू. सुरुवातीला हे गुण तराजूसारखे जोडलेले असतात. इंट ९ घेतली तर स्टर १ वर येते, डेक्स ९ घेतली तर व्हिट १ वर येते. पुढे एकेक लेव्हल चढली की वाटायला पॉइंट मिळतात आणि ते कोठे टाकायचे हे खेळाडू ठरवतो.

हीलर जखम किती भरतो, हे कशावर ठरते? येथेच सगळी गंमत आहे. त्याची लेव्हल आणि त्याची इंट यांची बेरीज करायची. तिला आठाने भागायचे. बाकी उरेल ती सोडून द्यायची. आलेल्या भागाकाराला हील या विद्येच्या पातळीप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचे. दहाव्या म्हणजे सर्वात वरच्या पातळीला तो आकडा ८४ आहे. झाले. या हिशेबात काठीची धार नाही, किंमत नाही, रंग नाही. लेव्हल आणि इंट, दोनच गोष्टी.

मुलाची लेव्हल ६१. त्याची स्वतःची इंट ५८. पेशामुळे मिळालेली वाढ ३. हातात वाँड नावाचा साधा दंड आहे, त्याचा १. शिवाय ब्लेसिंग म्हणून एक विद्या असते, ती हीलर स्वतःवरही वापरतो, तिचे १०. एकूण इंट ७२. लेव्हल मिळवली की १३३. आठाने भागले की १६, बाकी ५. सोळा गुणिले ८४ म्हणजे १,३४४. एका वेळी तो एवढी जखम भरतो.

आता ती अठराशे रुपयांची काठी पाहू. तिचे नाव आर्क वाँड. ती इंट ३ ने वाढवते. हातातली साधी वाँड १ ने वाढवतच होती, म्हणजे निव्वळ लाभ २. बेरीज १३५. भागा आठाने. पुन्हा १६! बाकी ७. जखम भरणार तीच, १,३४४. अठराशे रुपये खर्चून एका आकड्याचाही फरक नाही. मुलगा वहीकडे पाहतच राहिला. म्हणाला, "काका, पण ती प्लस आठ आहे!"

हे प्लस आठ म्हणजे काय तेही सांगितले पाहिजे, कारण अठराशे रुपये त्याचेच होते. खेळात लोहार असतो. त्याच्याकडून हत्यार घडवून घेत गेले की नावापुढे प्लस एक, प्लस दोन असे चढते. आर्क वाँड हे तिसऱ्या दर्जाचे हत्यार आहे. अशा हत्याराला प्लस पाचपर्यंत धोका नाही. त्यापुढे प्रत्येक घावाला ते मोडू शकते, आणि मोडले की गेलेच, त्यात बसवलेली कार्डेही गेली. म्हणून प्लस आठ दुर्मिळ आणि म्हणून ते महाग. विकणारा तरुण खोटे बोलत नव्हता. वस्तू खरोखरच मोठ्या जोखमीने बनलेली होती. पण त्या घडणीने वाढते काय? तिसऱ्या दर्जाच्या हत्याराला प्रत्येक पायरीला हाणण्याचे बळ ५ ने वाढते. आठ पायऱ्यांचे झाले ४०, शिवाय सुरक्षित पायरी ओलांडल्याची थोडी वरकड. म्हणजे त्या काठीने राक्षसाच्या डोक्यात हाणले तर जास्त लागेल. हीलरने राक्षसाच्या डोक्यात हाणायचे कशाला? जखम भरण्याच्या हिशेबात या प्लस आठचा शून्य वाटा आहे. फक्त जखमा भरण्यासाठीच घडवलेला एक वेगळा दंड पुढच्या काळात या खेळात आला, त्याचा हिशेब वेगळा. पण हा दंड तो नव्हे.

महाग वस्तू आणि आपल्या कामाची वस्तू यांत फरक आहे. आपल्या घरांत हे बायकांना चांगले कळते. पितळेचा मोठा हंडा लग्नात मिळतो तो माळ्यावर जातो आणि रोजच्या वापरात अल्युमिनियमचे पातेले राहते. पोरांना ते अजून कळायचे असते.

मग जखम जास्त भरायला हवी तर करायचे काय? पुढचा आठाचा टप्पा १३६ चा आहे. मुलाला आणखी ३ हवेत. एकसष्टवरून बासष्ट लेव्हल झाली की १५ पॉइंट मिळतात. इंट ५८ ची ५९ करायला ७ पॉइंट लागतात, ५९ ची ६० करायला आणखी ७. झाले १४, एक शिल्लक. लेव्हलचा १ आणि इंटचे २ मिळून बरोबर ३. बेरीज १३६, भागाकार १७, जखम भरणार १,४२८. जुनीच वाँड हातात ठेवून, एक रुपया न खर्चता, दोन-तीन संध्याकाळच्या खेळात. मुलाने स्वतः गुणाकार करून पाहिला, दोनदा पाहिला आणि मग तो हसला.

साधी, न घडवलेली आर्क वाँड वाईट नाही बरे का. ती खेळातल्याच पैशाने, म्हणजे झेनीने, घ्यावी. बेरीज आठाच्या टप्प्याला एक-दोनने कमी पडत असेल तेव्हा ती उपयोगी पडते. ज्याची बेरीज १३४ आहे त्याला तिने लगेच पुढच्या टप्प्यावर नेले असते. ज्याची १२८ आहे त्याला तिचा तूर्त काही उपयोग नाही. वस्तू तीच, माणूसही तोच, पण घेण्याची वेळ ही बेरीज सांगते.

आता दुसरी गोष्ट, आणि ही जास्त महत्त्वाची. गटातल्या मुलांची तक्रार होती की हा कमी भरतो. मी विचारले, तुम्ही हरता तेव्हा आधी कोण मरतो? मुलगा खाली मान घालून म्हणाला, "मीच." त्याची व्हिट होती १. सगळे पॉइंट इंट आणि डेक्समध्ये घातलेले. अनेक हीलर हेच करतात, कारण कोणीतरी सांगितलेले असते की हीलरला इंट आणि डेक्स, बाकी काही नको.

हा सल्ला शेवटपर्यंत नेला तर काय होते ते पाहा. लेव्हल १ पासून ९९ पर्यंत मिळून १,२२५ पॉइंट मिळतात. एखादा गुण ९ वरून ९९ वर न्यायला ६१२ लागतात. दोन गुण न्यायचे तर १,२२४. म्हणजे सारा जन्म खेळून इंट ९९, डेक्स ९९ आणि हातात उरला एक पॉइंट! हप्ते फेडून पगारात एक रुपया उरावा तसे. असा हीलर मोठमोठ्या जखमा भरतो, पण स्वतः चार फटक्यांत आडवा होतो. आणि हीलर आडवा झाला की गट आडवा होतो.

पॉइंटांची किंमत चढत जाते हे येथे लक्षात घ्यावे. आमच्या बी. कॉम.च्या पुस्तकात सीमांत उपयोगिता नावाचे एक प्रकरण होते. चौथी भाकरी पहिलीएवढी गोड लागत नाही, असा त्याचा साधा अर्थ. खेळात तर चौथी भाकरी महागही पडते. इंट ९० वरून ९९ वर न्यायला ९८ पॉइंट लागतात. तेवढ्याच पॉइंटांत व्हिट १ वरून ३२ वर जाते, वर ३ पॉइंट उरतात. नव्व्याण्णवाव्या लेव्हलला इंट ९९ असताना बेरीज १९८, भागाकार २४, जखम भरणार २,०१६. इंट ९० असताना बेरीज १८९, भागाकार २३, जखम भरणार १,९३२. गमावले ८४, म्हणजे शेकडा चार. आणि मिळाले काय? प्रत्येक व्हिटमागे जीव, म्हणजे एचपी, शेकडा एक वाढतो. मूळ एचपी साधारण सव्वाचार हजार असेल तर व्हिट ३२ ला ती साडेपाच हजारांच्या वर जाते, शिवाय लागणारा मारही कमी लागतो. आणि गंमत अशी की एकूण इंट ८५ असली तरी बेरीज १८४, भागाकार तोच २३. पंच्याऐंशी आणि नव्वद यांच्या मधल्या पाच इंटला ५० पॉइंट पडतात आणि जखम भरण्यात त्यांचा काडीचा उपयोग नाही. त्यांच्यामुळे शक्तीचा साठा थोडा वाढतो, तेवढेच. ज्याला हे माहीत नाही तो पन्नास पॉइंट गटारात टाकतो आणि तरी इंट नव्वदची म्हणून मिरवतो.

डेक्सबद्दल एवढेच की हील या विद्येला तयारीचा वेळ लागतच नाही. डेक्स कितीही वाढवा, हील काही लवकर होत नाही. डेक्स लागते ती दुसऱ्या विद्यांना. मेलेल्या गड्याला उठवायची रिसरेक्शन विद्या पहिल्या पातळीला मूळ ६ सेकंद घेते. डेक्स ५० असली तर ४ सेकंद, ७५ असली तर ३. वर चढत जायला किती पॉइंट लागतात ते आता वाचकांना ठाऊक आहेच. माझे मत असे की मध्यम डेक्स पुरे. हे माझे मत आहे, गटागटाप्रमाणे वेगळे पडू शकेल.

कपड्यांकडे वळू. हीलरच्या अंगरख्यात, ढालीत, दागिन्यात कार्ड बसवायची खाच असते. येथेही मुले नावाला भुलतात. अंगरख्यासाठी दोन कार्डे सर्रास सांगितली जातात. एक पेकोपेको, त्याने एचपी शेकडा दहा वाढते. दुसरे प्युपा, त्याने सरळ ७०० वाढते. शेकडा दहा ऐकायला मोठे वाटते. पण शेकडा दहाचे सातशे व्हायला मूळ एचपी सात हजार हवी. आपल्या मुलाची एचपी अठराशेच्या घरात होती. तिचे शेकडा दहा म्हणजे १८०. त्याच्यासाठी प्युपाच. व्हिट वाढवून हीच सातशे एचपी मिळवायची तर व्हिट सुमारे ४१ वर न्यावी लागेल आणि त्याला १४० पॉइंट पडतील. एका कोशातल्या किड्याचे कार्ड एवढे काम करते! त्याने ते झेनीने घेतले, अंगरखा लोहाराकडून प्लस चारपर्यंत घडवून घेतला आणि तेथे थांबला. अंगरख्याला प्लस चारपर्यंत धोका नसतो. पाचव्या घावापासून नशिबाचा खेळ सुरू होतो, आणि कार्ड बसवलेला अंगरखा लोहाराच्या ऐरणीवर ठेवू नये.

आणखी एक कार्ड आहे, फेन नावाच्या माशाचे. ते दागिन्यात बसवले की मार बसला तरी चालू असलेली विद्या तुटत नाही. मात्र तयारीचा वेळ चौथाईने वाढतो. चार सेकंदांची रिसरेक्शन पाच सेकंदांची होते. गर्दीत उभे राहून गड्यांना उठवायचे असेल तर हा सौदा फायद्याचा आहे. नुसतीच हील करायची असेल तर त्याची गरज नाही, कारण हीलला तयारीच नाही तर तुटणार काय? या कार्डासाठी मुले मासे मारत बसतात. बहुतेक कार्डे मिळण्याचे मूळ प्रमाण दहा हजारांत एक आहे. मिनिटाला पाच मासे मारले तर दहा हजार व्हायला तेहतीस तासांच्या वर लागतात. आमच्या वेळच्या कॅफेच्या दराने साडेसहाशे रुपयांच्या पुढे. आणि दहा हजार मारले म्हणजे कार्ड मिळालेच, असेही नाही. गणित केले तर शंभरांतल्या सदतीस जणांच्या हाती तेवढे मारूनही काहीच येत नाही. त्यापेक्षा ज्याला ते मिळाले आहे त्याच्याकडून झेनीने घ्यावे आणि ते तेहतीस तास पुस्तकाला द्यावेत, असे मी मुलाला सांगितले. त्याने पुस्तकाचे ऐकून न ऐकल्यासारखे केले.

शक्तीचा, म्हणजे एसपीचा, हिशेब मात्र त्याने मन लावून ऐकला, कारण रोजची अडचण ती होती. दहाव्या पातळीच्या एका हीलला ४० एसपी लागते. त्याच्याकडे साडेआठशेच्या आसपास असते. म्हणजे एकवीस वेळा हील केले की कोठार रिकामे. परत भरते ते दर आठ सेकंदांनी, आणि येथे आठाच्या पाढ्याऐवजी सहाचा पाढा लागतो. इंटला सहाने भागायचे, एकूण एसपीला शंभराने भागायचे, बाकी सोडून दोन्ही मिळवायचे आणि एक वर घालायचा. त्याची इंट ७२, म्हणजे १२. एसपीचे ८. अधिक १. झाले २१. बसून राहिले तर आठऐवजी चार सेकंदांनी भरते. उभ्याने कोठार भरायला साडेपाच मिनिटे, बसून पावणेतीन. मॅग्निफिकॅट ही विद्या असली तर भरण्याचा वेग दुप्पट.

पण गटातली मुले त्याला बसूच देत नसत. "चल, चल, पुढचा राक्षस!" आणि एसपी संपली की पुन्हा, "हीलर झोपला काय?" हा अन्याय आहे. ज्याच्या जिवावर सगळे उभे त्याला पावणेतीन मिनिटे टेकू द्यायचे नाही आणि वर अठराशेची काठी आणायला सांगायची! ही पद्धत मी फक्त खेळात पाहिलेली नाही.

तो स्वतःही एसपी उधळत होता, ते सांगितले पाहिजे. दर एसपीमागे सर्वात जास्त जखम दहाव्या पातळीलाच भरते हे खरे. पहिल्या पातळीचे हील १३ एसपी घेते आणि त्याचा आकडा फक्त १२ आहे, म्हणजे तो तोट्याचा धंदा. परंतु गड्याला चारशेचीच जखम असेल आणि तुम्ही १,३४४ चे हील टाकले तर वरचे नऊशे वाया जातात. तिसऱ्या पातळीचा आकडा २८ आहे. सोळाने गुणले की ४४८, आणि एसपी लागते १९. काम झाले आणि २१ एसपी वाचली. छोट्या जखमेला छोटे हील, मोठ्या जखमेला दहावी पातळी. दोन्ही दोन वेगळ्या बटणांवर ठेवायची, एवढे केले तरी पुरे.

दुसरे खेळ खेळणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना एक सांगतो. प्रत्येक खेळाचे गणित वेगळे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा अमेरिकेतला खेळ २००४ साली आला. त्याच्या जुन्या नियमांत स्पिरिट नावाचा गुण शक्ती परत भरतो, पण शक्ती खर्च केल्यावर पाच सेकंद त्याचे भरणे थांबते. तेथे केव्हा हात आखडता घ्यायचा हेच हीलरचे कौशल्य. आपल्या मुलाने कोणतीही वस्तू मागितली की एकच विचारा, ही वस्तू तुझ्या कामाच्या गणितात कोठे बसते, ते मला कागदावर दाखव. दाखवता आले तर तो खेळ समजून खेळतो आहे. दाखवता आले नाही तर पैसे तुमच्याच खिशात राहू द्या.

रुपयांच्या व्यवहाराबद्दल दोन शब्द. पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ साली केला. हा खेळ त्या जातीचा नाही, येथे पैसे लावून कोणी पैसे जिंकत नाही. पण एका खेळाडूने दुसऱ्याला रोख रुपयांत वस्तू विकायची, आधी फोनवरून पैसे पाठवायचे आणि मग वस्तू हातात यायची, या व्यवहाराला पावती नाही, साक्षीदार नाही. खेळ चालवणाऱ्या कंपन्यांना अशी विक्री सहसा मान्य नसते, पकडले गेले तर खाते बंद होऊ शकते. मग काठीही गेली आणि काठी धरणाराही गेला. आईच्या फोनवर पैशाचे ॲप असेल तर त्याचा आकडा मुलाला माहीत नसावा. मुलावर अविश्वास म्हणून नव्हे, घरातल्या कपाटाची किल्ली जशी एकाकडेच असते तसे.

शेवटी राहिला खड्यांचा खर्च. रिसरेक्शनला दर वेळी एक निळा खडा लागतो, ब्लू जेमस्टोन. दुकानात तो ६०० झेनीला मिळतो. एका फेरीत दहा वेळा गडी उठवले तर ६,००० झेनी. हे पैसे आजवर हीलर एकटा आपल्या पदरचे घालत होता, आणि लूट मात्र पाचांत सारखी वाटली जात होती. म्हणून तर त्याच्याकडे साधी आर्क वाँड घ्यायला झेनी उरत नव्हते. कोणत्याही मंडळाच्या कार्यक्रमात आधी मंडपवाल्याचे, लाउडस्पीकरवाल्याचे पैसे बाजूला काढतात आणि मग शिल्लक मोजतात. तीच रीत येथे लावायची. मुलाने वहीचे ते पान फोटो काढून गटाच्या म्होरक्याला पाठवले. म्होरक्या कॉमर्सचाच विद्यार्थी निघाला. आता खड्यांचे झेनी आधी बाजूला निघतात आणि उरलेल्याचे पाच वाटे पडतात.